आईचं पोतं आणि त्यांची भट्टी

परवाच्या बैठकीत आपलाच एक कार्यकर्ता उठला नि म्हणाला, "कचरा जाळून वीज होणार असेल तर आपण आडवं का जायचं? बाबासाहेबांनी घाणीची कामं सोडा म्हणून सांगितलंय." टाळ्या पडल्या. मी गप्प बसलो. आता लिहितो.

दोस्ता, माझ्या आईनं तीस वर्षं देवनारच्या डोंगरावर कचरा वेचला. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली, त्याच साली मुंबईचा कचरा देवनारला पडायला लागला. ती आग नि ही घाण एका वयाच्या. 2016 ला डोंगर पेटला, वेचणाऱ्यांना आत जायची बंदी झाली. आता आई गल्ल्यांतून वेचते. आणि 2020 मध्ये त्याच देवनारसाठी रोज 600 टनांच्या भट्टीचा ठेका दिला गेला.

भट्टीचं गणित ऐक. ओलं जळत नाही, नि आपल्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास ओलंच, उष्टं नि भाजीचे देठ. दिल्लीत तिमारपूरला 1987 साली डेन्मार्कची भट्टी बसवली. रोज 300 टन जाळून पावणेचार मेगावॅट निघणार होते. महिनाभरसुद्धा धड चालली नाही. कचरा पेटेचना! मग पेटतं काय? प्लास्टिक, पुठ्ठा, कागद, चिंध्या. म्हणजे नेमकं तेच, जे आई किलोवर भंगारवाल्याला विकते. तिचं पोतं रिकामं केल्याबिगर यांचा बल्ब लागत नाही.

प्लास्टिक कमी तावात जळलं की डायॉक्सिन सुटतं. दिसत नाही, अंगात साठत जातं. वर टनामागं निदान दोनशे किलो राख उरते, ती पुन्हा खड्ड्यातच. तो खड्डा मलबार हिलवर खणणार आहेत काय?

नि काम सुटतंय कुठं? पट्ट्यावर हातानं कचरा निवडायला, राख उपसायला कुलकर्ण्यांचा पोरगा येणार? ठेकेदाराची हजेरी काढून आडनावं वाच.

पुण्यात 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. त्यात बहुसंख्य आपल्याच आयाबहिणी. 2008 ला त्यांच्या 'स्वच्छ'नं महापालिकेशी करार केला, दारोदार कचरा घेतला, घरटी पैसे घेतले, भंगारावर हक्क ठेवला. तिथंही भांडण सरलेलं नाही. पण ते करार हातात घेऊन भांडतात.

आईला मी भट्टीचं सांगितलं. ती म्हणाली, "ह्ये काम सुटलं तर मला हवंच हाय. पर माझं पोतं कुठं नेताय, ते आधी मला इचारा की."

पुढच्या बैठकीला तिला घेऊन येतोय. तू तुझं भाषण तिच्यासमोर कर.