सुट्टीचे घर आणि गावाचे गाऱ्हाणे

जनवाडा हे बीदर तालुक्यातील एक गाव. तेथे आमचे वडिलार्जित घर आहे. वर्षातून दोन-तीन वेळा आम्ही ते उघडतो. एरवी त्यास कुलूप असते. गेल्या मार्गशीर्षात दत्तजयंतीस माणिकनगरचे दर्शन आटोपून आम्ही तेथे चार दिवस राहिलो. त्याच आठवड्यात उच्च न्यायालयाच्या कलबुर्गी खंडपीठापुढे आमच्या एका पक्षकाराची सुनावणी होती. दूरदृश्य पद्धतीने घरूनच हजर राहावे असे आम्ही ठरविले होते. परंतु दोन वाक्ये झाली आणि आवाज तुटला. माळवदावर चढलो, अंगणात आलो, शेवटी वेशीपर्यंत चालत गेलो. तोवर कलबुर्गीतील आमच्या तरुण सहकाऱ्याने प्रकरण सावरून नेले होते. पक्षकाराचे नुकसान टळले, ह्यात आमची काही कर्तबगारी नव्हे.

ही हकीकत मित्रमंडळींत सांगितली तेव्हा दोन प्रकारची उत्तरे मिळाली. एक म्हणाले, "सुट्टीच्या घरी हे हवेच कशाला? तेवढीच डोक्याला शांतता!" दुसरे म्हणाले, "बाजारात रेंज वाढविणारे यंत्र मिळते, ते बसवा आणि मोकळे व्हा." ही दोन्ही उत्तरे आम्हांस चुकीची वाटतात, आणि त्यांचा समाचार घेणे अवश्य वाटते, कारण आपल्या समाजातील शेकडो कुटुंबांची अशी कुलूपबंद घरे आहेत. कोणाचे घर बीदर-कलबुर्गीकडे, कोणाचे कोकणात, तर कोणाचे फोंड्यास कुलदेवतेच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर.

प्रथम शांततेच्या पुरस्कर्त्यांविषयी. सुट्टी आमची असते, गावाची नसते. आम्ही चार दिवसांनी निघून जातो. आमच्या घराची किल्ली सांभाळणारी वृद्ध बाई तेथेच राहते. शिधापत्रिकेवरील धान्य घेताना तिच्या अंगठ्याचा ठसा आधारशी जुळावा लागतो, आणि रेंज नसली की तिला दुकानातून रिकाम्या हाताने परतावे लागते. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा धडे मोबाइलवर आले. ज्या गावांत रेंज नव्हती तेथील मुलांना ते दिसले नाहीत. अशांना शांततेचे महत्त्व सांगणे हा शुद्ध कोडगेपणा होय. शिवाय आमची घरे बंद का पडली, ह्याचाही विचार व्हावा. उपजीविका शहरात गेली म्हणून माणसे गेली. आज ज्यांची उपजीविका संगणकावर चालते, त्यांना महिना-दोन महिने गावी राहून काम करणे शक्य आहे. अट एकच, की जोडणी भरवशाची हवी. माणूस राहिला तर माळवदाची गळती वेळेवर दिसते, परसातली विहीर उपसली जाते, देवघरात दिवा लागतो. जुने घर मोडते ते बहुधा कोणी न राहिल्यामुळे.

आता यंत्र बसवा म्हणणाऱ्यांविषयी. टॉवरच्या लहरी पकडून त्या वाढवून पुन्हा फेकणारे यंत्र परवान्यावाचून बसविणे हा गुन्हा आहे. दुकानात मिळते म्हणून ते कायदेशीर ठरत नाही. असे एक यंत्र आसपासच्या दहा घरांच्या जोडणीत बिघाड करू शकते. म्हणजे आपली सोय शेजाऱ्याच्या गैरसोयीतून. कायद्यात बसणारे उपायही आहेत. लहरींची वारंवारता जितकी अधिक, तितकी जाड भिंतीतून आत शिरण्याची त्यांची शक्ती कमी. ७०० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी जेथे पोचतात, तेथे २३०० च्या पोचतीलच असे नाही. बीदरकडील जांभ्या दगडाच्या हातभर रुंद भिंतींचे घर असेल, तर सिमकार्डावर चालणारा राउटर माजघरात ठेवून उपयोग नाही. तो वरच्या खिडकीत टॉवरच्या दिशेने ठेवावा, अथवा त्यास बाहेरचा अँटेना जोडावा. सिम घेण्यापूर्वी कोणत्या कंपनीची रेंज तेथे खरोखर येते, हे गावकऱ्यांस विचारावे. तथापि हे सारे उपाय एका घरापुरते आहेत, आणि टॉवरच दूर असेल तर तेही लंगडे पडतात.

ह्यावर ठराविक उत्तर येते, की खेड्यात ग्राहक थोडे, कंपन्यांना परवडत नाही. हे उत्तर ऐकून घेण्याचे कारण नाही. कारण ह्याच अडचणीसाठी २००२ सालापासून कंपन्यांच्या समायोजित स्थूल महसुलाच्या ५ टक्के रक्कम एका निधीसाठी घेतली जाते. तो सार्वत्रिक सेवा दायित्व निधी. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याचे नाव डिजिटल भारत निधी झाले. हा पैसा अखेर आपण भरलेल्या बिलांतूनच येतो. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतूची तार नेण्याची योजना २०११ साली मंजूर झाली, २०१५ साली तिला भारतनेट हे नाव मिळाले, आणि २०२३ साली सुधारित योजनेसाठी १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर झाले. तेव्हा पैसा नाही असे कोणी म्हणू नये. पंचायतीच्या कचेरीपर्यंत तार आली असेल, तर ती चालू आहे काय आणि तेथून घरोघरी का जात नाही, एवढेच विचारावयाचे आहे.

दुसरे मोठे कारण सरासरीचे. दूरसंचाराच्या हिशेबात कर्नाटक हे एकच परिमंडळ आहे. सेवेचा दर्जा वर्षानुवर्षे परिमंडळाच्या सरासरीने मोजला गेला. बेंगळूरच्या सुकाळात बीदरचा दुष्काळ झाकला गेला. ब्रॉडबँड कशास म्हणावे, ह्याची व्याख्याही २००४ साली सेकंदास २५६ किलोबिट, २०१३ साली ५१२ किलोबिट व २०२३ साली २ मेगाबिट अशी वाढत गेली. व्याख्या वाढली म्हणून वेशीआतील वेग वाढला नाही. मात्र २०२४ च्या नियमांनी एक हत्यार आपल्या हाती दिले आहे. कोणत्या भागात कोणती सेवा मिळते, ह्याचा नकाशा प्रत्येक कंपनीने प्रसिद्ध करावा असे बंधन त्यांत आहे. नकाशात रंग आणि अंगणात शून्य, अशी विसंगती दिसली की तो लेखी पुरावा झाला.

कायदाही आपल्या बाजूस आहे. इंटरनेटद्वारा होणाऱ्या अभिव्यक्तीस व व्यवसायास घटनेचे संरक्षण आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये सांगितले. ३० एप्रिल २०२५ च्या निर्णयात डिजिटल सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क हा २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग मानला गेला. आणि २०२२ साली त्याच न्यायालयाने निर्वाळा दिला, की दूरसंचार सेवेतील उणिवेबद्दल ग्राहक मंचाकडे दाद मागता येते. तार कायद्यातील लवादाची तरतूद आड येत नाही.

मग अडते कोठे? आमच्या मते ते आपल्याच ठायी. टॉवर हवा, पण आपल्या आळीत नको, असे म्हणणारे आपणच. लहरींच्या धास्तीने विरोध करणाऱ्यांनी हे जाणावे, की १ सप्टेंबर २०१२ पासून भारतातील मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एकदशांश आहे. टॉवरसाठी जागा मागितली तर पुण्यास वा मुंबईस राहणारा घरमालक पत्राचे उत्तर देत नाही. देवस्थानांच्या समित्या भक्तनिवासास लाखो खर्च करतात. पण आवाराबाहेरच्या पडीक जमिनीचा तुकडा रीतसर भाड्याने देऊन साऱ्या गावाची सोय होईल, हा विषय बैठकीत निघत नाही. आणि आम्ही स्वतः? त्या वृद्ध बाईची अडचण आम्हांस कित्येक वर्षे ठाऊक होती. आमची सुनावणी तुटेपर्यंत आम्ही लेखणी उचलली नाही, हे येथे कबूल केले पाहिजे.

म्हणून सुट्टीच्या घराच्या मालकांस आमची विनंती आहे. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा चार दिवसांपैकी एक दिवस ह्या कामी द्या. घरात, देवळात, शाळेत व शिधादुकानात रेंज तपासून तारीख-वेळेसह नोंद करा. कंपनीकडे तक्रार करून तिचा क्रमांक घ्या. समाधान न झाल्यास कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे, व पुढे ग्राहक आयोगाकडे जा. ग्रामसभेत तारेविषयी ठराव मांडा, आणि त्यावर तेथे बारमास राहणाऱ्यांच्या सह्या प्रथम घ्या, तुमची शेवटी. आम्ही जनवाड्याचा अर्ज लिहावयास घेतला आहे. त्यावर पहिला अंगठा किल्ली सांभाळणाऱ्या त्या बाईचा असेल.