शिकलेली सिस्टर थिएटरात राहावी म्हणून

पोटाची मोठी शस्त्रक्रिया संपत आलेली असते. सर्जन पोट बंद करायला घेणार, भूलतज्ज्ञ औषधे आवरती घेणार, एवढ्यात सिस्टर सांगते, 'एक मॉप कमी भरतोय.' पुन्हा मोजणी होते. बादली उपसली जाते, टेबलाखाली बघितले जाते. बाहेर पुढचा रुग्ण स्ट्रेचरवर पडून असतो, आत सगळेच थकलेले असतात. 'मोजण्यातच चूक झाली असेल, बंद करू या,' असे कोणीतरी म्हणते. त्या वेळी ती परिचारिका गप्प बसते की 'थांबा, आधी एक्स-रे काढू,' असे ठामपणे सांगते, यावर त्या रुग्णाचे पुढचे कित्येक महिने, कधी कधी जीवही अवलंबून असतो.

पोटात कापूस किंवा उपकरण राहून जाण्याचा धोका कधी वाढतो, याचा अभ्यास डॉ. अतुल गावंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केला. तातडीच्या शस्त्रक्रियेत हा धोका सुमारे नऊ पट आणि शस्त्रक्रियेचा बेत मध्येच बदलावा लागला तर सुमारे चार पट आढळला. युद्धातल्या शस्त्रक्रियेत या दोन्ही गोष्टी रोजच्याच असतात. जखमी सैनिक पूर्वसूचना देऊन येत नाही आणि पोट उघडल्याशिवाय आत काय फाटले आहे हे नेमके कळत नाही. अशा ठिकाणी 'थांबा' म्हणण्याइतके ज्ञान आणि तेवढा अधिकार असलेली परिचारिका तयार कशी करायची, हा प्रश्न अमेरिकेच्या सैन्यदलांनी गांभीर्याने घेतला. त्यातून उभे राहिलेले शिक्षण आपल्यालाही विचार करायला लावणारे आहे.

वॉशिंग्टनजवळ बेथेस्डा येथे अमेरिकी सैन्यदलांचे स्वतःचे आरोग्य विद्यापीठ आहे. १९७२ च्या कायद्याने ते स्थापन झाले. १९९३ मध्ये तिथे परिचारिकांसाठी पदव्युत्तर विद्यालय सुरू झाले. आज ते सिनेटर डॅनियल इनोये यांच्या नावाने ओळखले जाते. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर १९४५ मध्ये इनोये यांचा उजवा हात गेला. सर्जन व्हायचे त्यांचे स्वप्न तिथेच संपले आणि पुढचे अनेक महिने त्यांनी लष्करी रुग्णालयात काढले. परिचारिका म्हणजे काय हे खाटेवर पडून अनुभवलेल्या माणसाचे नाव या विद्यालयाला आहे, हे समर्पकच म्हणावे लागेल.

इथे येणाऱ्या परिचारिका बहुतांशी सैन्यदलांत नोकरीत असलेल्या अधिकारी असतात. शिक्षणाच्या काळात त्यांचा पगार चालू राहतो, शुल्क भरावे लागत नाही आणि बदल्यात ठरावीक वर्षे सेवा द्यावी लागते. या विद्यालयाने गेल्या दोन-तीन दशकांत जे अभ्यासक्रम चालवले, त्यात शस्त्रक्रियेच्या आधी, दरम्यान आणि नंतरच्या शुश्रूषेत तज्ज्ञ होणाऱ्या 'क्लिनिकल नर्स स्पेशालिस्ट'चा अभ्यासक्रमही होता.

हे पद आपल्याकडे फारसे परिचित नाही. ती वॉर्डातली नेहमीची स्टाफ नर्स नव्हे, वर्गात शिकवणारी ट्यूटर नव्हे, ड्यूट्या लावणारी मेट्रनही नव्हे. तिच्या कामाचे तीन थर सांगितले जातात. पहिला थर रुग्णाचा: गुंतागुंतीच्या रुग्णाची शुश्रूषा ती स्वतः करते. दुसरा परिचारिकांचा: बरोबरच्या सहकाऱ्यांना ती तिथेच, कामात शिकवते. तिसरा व्यवस्थेचा: एकच चूक पुन्हा पुन्हा होत असेल तर कारण शोधून कामाची पद्धतच बदलते. या पदासाठीचा अमेरिकेतला पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम १९५४ मध्ये रटगर्स विद्यापीठात हिल्डगार्ड पेप्लाऊ यांनी मनोविकार परिचर्येसाठी सुरू केला. पेप्लाऊ स्वतः महायुद्धात लष्कराच्या परिचर्या दलात काम करून आल्या होत्या. लष्कराशी या कल्पनेचे नाते असे जुने आहे.

अभ्यासक्रमात शरीरातील बिघाडांची यंत्रणा, औषधशास्त्र आणि रुग्णतपासणी हे तीन विषय वरच्या पातळीवर शिकवले जातात. शोधनिबंध वाचून त्यातला खरा-खोटा दावा ओळखायला शिकवतात. तज्ज्ञाच्या देखरेखीखाली रुग्णांबरोबर किमान ५०० तास काम करावे, असे या पदाच्या शिक्षणाचे अमेरिकेतले मानक आहे. लष्करी विद्यार्थ्यांना त्याशिवाय तंबू, धूर आणि बनावट जखमींमध्ये रणांगणाचा सरावही करावा लागतो.

या शिक्षणाचा रुग्णाला काय उपयोग, हे एका साध्या उदाहरणावरून समजते. ते उदाहरण म्हणजे थंडी. ऑपरेशन थिएटर गार असते, रुग्णाचे अंग उघडे असते, भुलेमुळे शरीराची उष्णता राखण्याची शक्ती मंदावते. आतड्याच्या शस्त्रक्रियेच्या सुमारे २०० रुग्णांवर झालेला एक अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचे शरीर ऊबदार ठेवले नव्हते त्यांच्यापैकी १९ टक्के रुग्णांच्या जखमेत पू झाला. ज्यांना ऊब दिली त्यांच्यात हे प्रमाण ६ टक्के होते. दोन गटांच्या तापमानात फरक होता अवघा दोन अंशांचा.

जखमी सैनिकाच्या बाबतीत तर ही थंडी जीवघेणी ठरते. रक्तस्रावाने शरीर गार पडते, गार रक्त नीट गोठत नाही, त्यामुळे रक्तस्राव आणखी वाढतो आणि रक्तातली आम्लता चढत जाते. हे दुष्टचक्र तोडले नाही तर कितीही कुशल सर्जन असला तरी हात टेकतो. आणि ते तोडण्याचे उपाय काय? थिएटरचे तापमान वाढवणे, सलाइन व रक्त कोमट करून देणे, गरम हवेची पांघरुणे घालणे, ओले कपडे लगेच काढणे. यातली बहुतेक कामे परिचारिकेच्याच हातची असतात. ती एखाद्या दिवशी करणे सोपे आहे. पण प्रत्येक रुग्णासाठी, प्रत्येक पाळीत, नवा कर्मचारी आला तरी होत राहतील अशी घडी बसवणे अवघड आहे. ही घडी बसवणे हेच क्लिनिकल नर्स स्पेशालिस्टचे काम.

लष्कराला ही गरज अधिक तीव्रतेने जाणवली, त्याला कारणे आहेत. इराक आणि अफगाणिस्तानात अमेरिकेने पाठवलेल्या पुढच्या फळीतील शस्त्रक्रिया पथकात साधारण २० माणसे असत. त्यात चार सर्जन, भूल देणाऱ्या दोन परिचारिका आणि आणखी तीन परिचारिका, बाकी सहायक. तीन परिचारिकांमध्ये एकीला कमी येत असेल तर दुसरीकडून मागवून घेण्याची सोय नसते. पुढच्या फळीत फक्त रक्तस्राव थांबवायचा, पोट तात्पुरते झाकायचे आणि रुग्णाला मागे पाठवायचे, मग जर्मनीतील लांडश्टूलमार्गे मायदेशी, अशी ही साखळी होती. व्हिएतनाम युद्धात जखमीला अमेरिकेत पोहोचायला सरासरी ४५ दिवस लागत. इराक युद्धात हा काळ चार दिवसांच्या आत आला. पोटात मुद्दाम किती मॉप ठेवले आहेत, कोणते औषध कधी दिले, ही माहिती तीन देशांतून आणि अनेक हातांतून जाताना एका ठिकाणी जरी गळली तरी अनर्थ. दुसऱ्या महायुद्धात जखमी अमेरिकी सैनिकांपैकी सुमारे ३० टक्के दगावले, व्हिएतनाममध्ये २४ टक्के, तर इराक-अफगाणिस्तानच्या सुरुवातीच्या वर्षांत सुमारे १० टक्के. याचे श्रेय रक्तबंध, चिलखते, हेलिकॉप्टर, सर्जन अशा अनेकांना जाते. पण या साखळीची प्रत्येक कडी परिचारिकांनी धरून ठेवली होती, हे विसरता येणार नाही.

शिवाय युद्ध संपते, पथके बदलतात, अनुभवी माणसे निवृत्त होतात. शांततेच्या काळात तशा जखमा बघायला मिळत नाहीत आणि हात विसरतात. मागच्या युद्धात रक्त सांडून शिकलेले धडे पुढच्या पिढीपर्यंत नेणारी जागा म्हणजे विद्यालय.

जास्त शिकलेल्या परिचारिकेमुळे रुग्ण खरोखर वाचतात का? लिंडा आयकेन यांच्या पथकाने पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांत शस्त्रक्रिया झालेल्या सव्वादोन लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या. पदवीधर परिचारिकांचे प्रमाण दहा टक्क्यांनी जास्त असेल तिथे तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता पाच टक्क्यांनी कमी दिसली. त्याच पथकाच्या आधीच्या अभ्यासात एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की मृत्यूची शक्यता सात टक्क्यांनी वाढत असल्याचे दिसले होते. २०१४ मध्ये युरोपातील नऊ देशांतूनही तसाच निष्कर्ष आला. हे अभ्यास निरीक्षणाचे आहेत. चांगल्या रुग्णालयांत शिकलेल्या परिचारिका अधिक जातात, असाही त्याचा काही अंशी अर्थ निघू शकतो. ते पदवीविषयी आहेत, पदव्युत्तर शिक्षणाविषयी नाहीत. तरीही इतक्या ठिकाणी एकाच दिशेने बोट दाखवणारा पुरावा दुर्लक्षिण्यासारखा नाही. दुसरी बाजूही त्यात आहे: शिक्षण वाढवले आणि माणसे कमी केली, तर एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखे होईल.

अमेरिकेतही सगळे सुरळीत झाले असे नाही. २००८ मध्ये तिथल्या परिचर्या संस्थांनी ठरवले, की प्रगत परिचारिकेचे शिक्षण विभागानुसार न देता रुग्णांच्या वयोगटानुसार द्यावे. त्यामुळे शस्त्रक्रियेपुरते असलेले अभ्यासक्रम प्रौढ आणि वृद्ध रुग्णांच्या व्यापक अभ्यासक्रमात सामावले गेले. बेथेस्डाच्या विद्यालयातही तसेच झाले. पाया रुंद झाला हे चांगले. पण थिएटरची खास विद्या पातळ होईल का, ही चिंताही रास्त आहे. आणि बढती मिळाली की माणूस रुग्णापासून दूर टेबलाकडे जातो, ही अडचण कोणत्याच सैन्याला चुकलेली नाही.

भारताचा या विषयाशी संबंध दूरचा नाही. २८ मार्च १८८८ रोजी दहा प्रशिक्षित ब्रिटिश परिचारिका मुंबई बंदरात उतरल्या आणि इथल्या लष्करी रुग्णालयांतील परिचर्येची व्यवस्थित सुरुवात झाली. १९२६ मध्ये भारतीय लष्करी परिचर्या सेवा स्थापन झाली. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात १९६४ मध्ये परिचर्या महाविद्यालय उभे राहिले. १९७६ मध्ये गर्ट्रूड ॲलिस राम मेजर जनरल झाल्या. भारतीय सैन्यदलांत त्या पदापर्यंत पोहोचलेल्या त्या पहिल्या महिला, आणि त्या परिचारिका होत्या. म्हणजे हुद्द्याचा मान आपल्याकडे लष्कराने परिचारिकेला केव्हाच दिला आहे.

नागरी सेवेतले चित्र वेगळे आहे. भारतीय परिचर्या परिषदेचा ऑपरेशन रूम नर्सिंगचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आहे. अतिदक्षता विभागासाठी दोन वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रमही आखला गेला आहे. एम.एस्सी. नर्सिंग तर कित्येक वर्षांपासून आहे. पण एम.एस्सी. झालेली परिचारिका पुढे जाते कुठे? बहुतेकदा परिचर्या महाविद्यालयात शिकवायला. जी सरकारी रुग्णालयात राहते, तिच्यापुढचा रस्ता अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका असा, म्हणजे रजिस्टर, इंडेंट आणि ड्यूटी-तक्त्यांकडे जाणारा. दहा वर्षे हाडांच्या थिएटरात काढून प्रत्येक इम्प्लांटचा नंबर तोंडपाठ असलेली सिस्टर एका आदेशाने बालरुग्ण वॉर्डात जाते आणि तिच्या जागी आलेल्या मुलीला सगळे पहिल्यापासून शिकावे लागते. हे त्या दोघींपैकी कोणाचेच चुकलेले नसते. किंमत मात्र टेबलावरचा रुग्ण मोजतो.

यावर काही गोष्टी करता येतील. शस्त्रक्रियागृहासाठी तज्ज्ञ परिचारिकेचे स्वतंत्र पद, तिला परिसेविकेच्या तोडीचे वेतन आणि रुग्णापासून दूर न जाता बढतीची सोय, ही पहिली. विशेष शिक्षण घेतलेल्या परिचारिकेला सरसकट बदल्यांतून वगळणे, ही दुसरी. तिसरी पैशाशिवाय होणारी आहे: मोजणी जुळत नसेल तर शस्त्रक्रिया थांबवण्याचा अधिकार तिला लेखी द्यावा आणि तो वापरल्याबद्दल तिला कोणी बोल लावू नये. जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रिया सुरक्षा यादी २००८ मध्ये आली. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूचे प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ही यादी मोठ्याने वाचते ती बहुधा परिचारिकाच. वाचणाऱ्याच्या शब्दाला वजन नसेल तर यादी केवळ सहीचा कागद उरते.

२०२३ च्या राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग कायद्याने जुन्या व्यवस्थेची फेरमांडणी सुरू झाली आहे. अभ्यासक्रम आखताना पदेही आखली गेली तरच शिक्षणाला अर्थ येईल. त्यात सैन्यदलांनी पुढाकार घ्यावा, कारण मोठी रुग्णालये, सेवेचा करार, हुद्दा आणि शिस्त हे सगळे त्यांच्याकडे आधीपासून आहे. पुण्यात किंवा कुलाब्याच्या नौदल रुग्णालयात शस्त्रक्रियेतील तज्ज्ञ परिचारिका घडू लागल्या, तर त्यांचा धडा ससून, केईएम किंवा जिल्हा रुग्णालयांनाही गिरवता येईल.

हरवलेला मॉप बहुधा सापडतोच. कधी बादलीच्या तळाशी, कधी आतड्यांच्या वेटोळ्याआड. तो शोधायला थांबलेली पाच-दहा मिनिटे कोणत्याही हिशेबात दिसत नाहीत आणि घरी गेलेल्या रुग्णाला ती कधीच कळत नाहीत. ती मिनिटे मागण्याची हिंमत ज्ञानातून येते आणि ती मिळवून देण्याची जबाबदारी व्यवस्थेची असते.