ऑपरेशन एका दिवसाचं, जेवण आयुष्यभराचं

"एवढं ऑपरेशन केलं, तरी परत सुटलीच बघ!"

लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या बाकड्यावर, नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. बॅरिॲट्रिक सर्जरी, म्हणजे वजन कमी करण्याचं ऑपरेशन, झालेल्या माणसाचं वजन दोन-तीन वर्षांनी थोडं वाढलं की निकाल ठरलेला: "जिभेवर ताबा नाही." सुनावणी नाही, वकील नाही, थेट शिक्षा.

या खटल्यात आणखी तीन आरोपी आहेत. हॉस्पिटल, विमा कंपनी आणि आपण घरचे. आज त्यांच्याबद्दल.

आधी ऑपरेशन काय असतं ते समजून घेऊ. जगभर आज सगळ्यात जास्त होते ती 'स्लीव्ह'. जठराचा पाऊण किंवा त्याहून थोडा जास्त भाग कापून काढतात, उरते केळ्याच्या आकाराची नळी. भूक लावणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन मुख्यतः कापलेल्या भागात तयार होतं. म्हणून सुरुवातीला भूकच मरते आणि वजन भराभर उतरतं. हॉर्डिंगवरचे 'आधी आणि नंतर'चे फोटो याच काळातले असतात.

पण शरीर हुशार असतं. दीड-दोन वर्षांनी उतार थांबतो, भूक परत डोकं वर काढते. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात बायपास केलेल्या लोकांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरलं होतं. दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर आली. म्हणजे १२० किलोचा माणूस आधी ८२ च्या आसपास आला आणि नंतर ९० वर स्थिरावला. तुम्ही त्याला 'परत सुटला' म्हणाल. डॉक्टरांच्या हिशेबात तो यशस्वी पेशंट आहे! त्याच अभ्यासात ऑपरेशन झालेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाणही कमी आढळलं. तेव्हा "ऑपरेशनच थोतांड आहे" असं म्हणणाऱ्यांनी ही पोस्ट आपल्या बाजूची समजू नये. गरजू माणसासाठी हे ऑपरेशन जीव वाचवणारं आहे. प्रश्न त्यानंतरच्या आयुष्याचा आहे.

आरोपी पहिला: हॉस्पिटल

मी डॉक्टर नाही, पण माझ्या मोठ्या जाऊबाईंचं हे ऑपरेशन झालंय. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, कारण मुद्दा एकाच हॉस्पिटलचा नाही. डिस्चार्जच्या दिवशी हातात एक झेरॉक्स दिली, डाएट चार्ट म्हणून. सगळा इंग्रजीत. ब्रोकोली सूप, ग्रीक योगर्ट, ओट्स. ज्या घरात सकाळी पोहे, दुपारी पोळी-भाजी आणि रात्री भाकरी-पिठलं होतं, त्या घरात हा कागद फ्रिजवर चिकटवून ठेवण्यापलीकडे काय कामाचा? पुढे हॉस्पिटलमधून फोन आला तो सहा महिन्यांनी. कशासाठी? 'नंतर'चा फोटो हवा होता.

मराठी ताटाच्या भाषेत सांगायची गोष्ट खरं तर सोपी आहे. ऑपरेशननंतर दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रोटीन लागतं. आपण म्हणतो, "वरण खाते की!" वाटीभर पातळ वरणात प्रोटीन जेमतेम चार-पाच ग्रॅम. तेवढ्यावर ६० गाठायचे तर बारा वाट्या हव्यात, आणि पोटात सुरुवातीला एका वेळी अर्धी वाटी जाते. एका अंड्यात ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८. म्हणून आधी अंडं, मासे, चिकन, पनीर किंवा घट्ट उसळ, मग भाजी, आणि जागा उरली तर पोळी-भात. आपल्याकडे क्रम नेमका उलटा.

जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास नाही. दिवसभर मात्र घोट घोट पीत राहायचं. ताटाशेजारी तांब्या-भांडं ठेवणाऱ्या घरात हे कुणी समजावून सांगायला नको का?

आणि सगळ्यात मोठी फसगत कुरकुरीत खाण्याची. भाकरीचा किंवा चिकनचा तुकडा नीट चावला नाही तर अडकतो, छातीत दुखतं, उलटी होते. शेव, चिवडा, खारी, बिस्किट, आईस्क्रीम, श्रीखंड मात्र अलगद खाली उतरतं. माणूस हळूहळू त्रास न देणाऱ्या खाण्याकडे वळतो. "मी तर काहीच जेवत नाही" म्हणणारी बाई खोटं बोलत नसते. ताटात ती खरंच जेवत नाही. दिवसभर चिमटी-चिमटीने जातं ते मोजलं जात नाही. हे आधीच सांगणारा आहारतज्ज्ञ मिळाला तर पुढची निम्मी लढाई सोपी होते.

गोळ्यांचंही तसंच. बी-१२, लोह, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व हे डॉक्टर ठरवतील त्या मात्रेत आयुष्यभर. लोह आणि कॅल्शियम एकत्र नाही, मध्ये किमान दोन तास. लोहाच्या गोळीवर लगेच चहा नाही. सहा महिन्यांनी "आता बरं वाटतंय" म्हणून गोळ्या बंद केल्या की पुढे हातापायाला मुंग्या, थकवा, रक्त कमी. आणि उलट्या दोन-तीन दिवस थांबत नसतील तर "ॲसिडिटी असेल" म्हणून घरी बसू नका. बी-१ जीवनसत्त्व झपाट्याने संपतं आणि मेंदू-नसांना कायमची इजा होऊ शकते. थेट दवाखाना गाठा.

आरोपी दुसरा: विमा कंपनी

आयआरडीएआयने २०१९ मध्ये नियम स्पष्ट केले. वय १८ पूर्ण, बीएमआय ४० किंवा जास्त, अथवा ३५ किंवा जास्त आणि सोबत ठरावीक गंभीर आजार, शिवाय कमी त्रासाचे उपाय करून झालेले असतील, तर विमा कंपनीला लठ्ठपणाचं कारण पुढे करून हा खर्च नाकारता येत नाही. चांगलं झालं. त्याबद्दल आभारच.

पण पुढचं वाचा. 'आरोग्य संजीवनी'सारख्या सर्वसाधारण पॉलिसीत डिस्चार्जनंतरचा खर्च मिळतो ६० दिवसांचा. वजन परत वाढायला लागतं दुसऱ्या वर्षानंतर. म्हणजे छत्री मिळणार उन्हाळ्यात, पाऊस आला की परत द्यायची! आहारतज्ज्ञाची फी, रक्ततपासण्या, गोळ्या, सगळं खिशातून. ज्यांना परवडत नाही ते सोडून देतात. मग मधुमेह परत येतो आणि त्याचं बिल कंपनीच भरते. हा कुठला हिशेब?

आरोपी तिसरे: आपण

"एवढंसं खाल्लं तर काय होतंय?" "नैवेद्याचं आहे, नाही म्हणू नये." "माझ्या हातची पुरणपोळी, अर्धी तरी घे." आग्रहाला आपण प्रेम म्हणतो. पण बायपास झालेल्या माणसाला दोन गुलाबजामांनी घाम, धडधड, चक्कर आणि जुलाब होऊ शकतात. दारूचंही तेच. एका पेगची चढते दुप्पट आणि व्यसनाचा धोका वाढतो, तरी "आता बारीक झालास, एक तर घे" म्हणणारे मित्र असतातच.

उपवास तर विचारूच नका. संकष्टी, नवरात्र, श्रावणी सोमवार. दिवसभर उपाशी आणि मग साबुदाण्याची खिचडी, म्हणजे स्टार्च आणि तेल. प्रोटीन म्हणाल तर शेंगदाण्याच्या कुटाचं तेवढं. वर "उपवासाला गोळी चालत नाही" म्हणून औषधही बुडवलेलं. देवाला असा उपवास नको असतो, हे घरातल्या मोठ्यांनीच सांगितलं पाहिजे. सुनेने सांगितलं तर ऐकतं कोण?

आणि बाईच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. तिचं पनीर, तिचं अंडं वेगळं करायला घरात कुणाला वेळ नसतो. सगळ्यांचं करून उरलेलं खायचं ही सवय ऑपरेशनने कापली जात नाही.

आता कुणी म्हणेल, "म्हणजे पेशंटची काहीच जबाबदारी नाही?" आहे. गोळ्या घेणं, चालणं, दिवसभराचं चरणं थांबवणं, तपासणीला जाणं हे त्यालाच करायचं आहे. पण जबाबदारी आधी सांगावी लागते, कळेल अशा भाषेत, आणि मग निभावायला साथ द्यावी लागते. न शिकवलेल्या धड्याची परीक्षा घेऊन नापास करणं हा अन्याय आहे.

तेव्हा तुमच्या घरात कुणी या ऑपरेशनचा विचार करत असेल, तर सही करण्याआधी हे विचारा:

१. सहा महिन्यांचे फोटो नकोत. पाच वर्षांपूर्वीच्या तुमच्या पेशंटचं आज वजन काय आहे?
२. पॅकेजमध्ये आहारतज्ज्ञाच्या किती भेटी आहेत? दुसऱ्या वर्षी आहेत का?
३. रक्ततपासण्या कधी, कोणत्या, आणि खर्च किती?
४. डाएट चार्ट मराठीत, आमच्या घरच्या जेवणावर मिळेल का?
५. वजन वाढायला लागलं तर कुणाला भेटायचं?

उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर उठा आणि दुसरं हॉस्पिटल बघा.

आणि पुढच्या लग्नात कुणी "परत सुटली" म्हणालं तर त्यांना एवढंच विचारा, "तुम्ही तिच्या ताटात काय वाढलंत?"

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, पण मुद्द्यावर. पेशंटच्या वजनावर नको.