वर्गणीवर कर कशासाठी?

चार भावांनी पैसे एकत्र करून सामाईक विहिरीवर पंप बसवला, तर त्यांपैकी कोणी कोणाला सेवा विकली? या प्रश्नाचे उत्तर खेड्यातल्या अडाणी म्हातारीलाही देता येईल. मात्र शहरातील साठ कुटुंबांनी सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापून हेच केले, की करयंत्रणेला तेथे विक्रेता दिसतो आणि ग्राहकही दिसतो.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली गृहनिर्माण संस्था नफ्यासाठी जन्मलेली नसते. रखवालदाराचा पगार, लिफ्टची दुरुस्ती, पाण्याचा पंप, सिंकिंग फंड. सभासदांनीच द्यायचे आणि सभासदांसाठीच खर्चायचे. स्वतःपासून स्वतःला उत्पन्न होत नाही, हे परस्परतेचे तत्त्व. व्यंकटेश प्रिमायसेस खटल्यात मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच आधारे हस्तांतरण शुल्क व बिनभोगवटा शुल्क आयकरमुक्त ठरवले. २०१९ मध्ये कलकत्ता क्लब खटल्यात अप्रत्यक्ष करांच्या बाबतीतही हे तत्त्व न्यायालयाने उचलून धरले.

यावर शासनाने काय केले? निकाल मान्य करण्याऐवजी कायदाच बदलला! २०२१ च्या वित्त अधिनियमाने संस्था आणि तिचे सभासद या भिन्न व्यक्ती असल्याचे 'मानले', तेही १ जुलै २०१७ पासून पूर्वलक्षी प्रभावाने. केरळ उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने एप्रिल २०२५ मध्ये ही तरतूद घटनाबाह्य ठरवली, यात नवल ते काय?

सवलतीची कथाही अशीच. संस्थेची वार्षिक उलाढाल २० लाखांहून अधिक आणि सभासदाची मासिक वर्गणी ७,५०० रुपयांहून अधिक असेल, तर १८ टक्के वस्तू व सेवा कर. २०१९ च्या परिपत्रकाने मर्यादा ओलांडताच संपूर्ण रकमेवर कर लावला. म्हणजे ९,००० रुपये भरणाऱ्या निवृत्त शिक्षकावर १,६२० रुपयांचा बोजा! मद्रास उच्च न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये हे परिपत्रक रद्द करून केवळ वाढीव रकमेवर कर आकारण्यास सांगितले. तसा तो होतो अवघा २७० रुपये. मर्यादाही जानेवारी २०१८ मधली. तेव्हापासून रखवालदाराचा पगार वाढला नाही काय?

गच्चीवरील मोबाइल मनोऱ्याचे भाडे हे बाहेरून आलेले उत्पन्न आहे. त्यावर कर जरूर घ्यावा. आलिशान संकुलांचे निमित्तही पुढे केले जाते. परंतु त्यांच्यासाठी मध्यमवर्गीय सोसायटीला वेठीस धरणे हा न्याय नव्हे.

जो समाज आपला जिना आपण झाडतो, आपले पाणी आपण चढवतो, तो शासनाचा भार हलका करतो. त्याला दंड नको, मान हवा. मानीव भिन्नतेच्या तरतुदीतून गृहनिर्माण संस्थांना वगळावे आणि सवलतीची मर्यादा महागाईशी जोडावी. मात्र ही मागणी करायची, तर सभासदांनीही वार्षिक सभेकडे पाठ फिरवणे सोडले पाहिजे. रिकाम्या खुर्च्यांचे गाऱ्हाणे कोणतेही सरकार ऐकत नाही.