आधी वाळू बघा, मग इंजिन



आजचा विषय पिकाचा नाही, पण नांगर ओढलेल्या माणसाला लगेच कळेल असा आहे. माझा पुतण्या पुण्यात गॅरेजवर काम करतो. तो आणि त्याचे तीन दोस्त मिळून राजस्थानच्या वाळूत पळेल असा ट्रक बांधतायत. जुन्या पिकअपचा सांगाडा घेतलाय, चारही चाकांना ताकद द्यायचीय, आता इंजिन ठरवायचं चाललंय. पोरांच्या डोक्यात बाहेर देशातून मोठं व्ही-८ पेट्रोल इंजिन मागवायचं बसलंय. त्यातला बराचसा पैसा माझ्या भावाने विहिरीसाठी बाजूला ठेवलेला आहे. म्हणून मी तोंड उघडतोय.

मी दहावी पास, इंजिनिअर नाही. पण तीस वर्षं ट्रॅक्टर चालवतोय, आणि इंजिन खोलताना मिस्त्रीच्या शेजारी बसून पाने दिलेत. माझं मत सांगतो: इंजिन सगळ्यात शेवटी निवडायचं. आधी जमीन, मग वजन, मग वेग, मग टायर आणि गिअर. एवढं ठरलं की इंजिन किती लागतं ते आपोआप समोर येतं.

हिशोब मांडून बघू. गाडी नुसती पुढं ढकलायला किती ओढ लागते, त्याला कृषी अभियांत्रिकीवाले रोलिंग रेझिस्टन्स म्हणतात. चांगल्या डांबरी रस्त्यावर वजनाच्या शंभराला एक-दीड भाग ओढ लागते. भुसभुशीत वाळूत तीच वीस भाग किंवा त्याहून जास्त. भरलेली ट्रॉली रस्त्यावर आणि तीच ताज्या रोटाव्हेटर मारलेल्या रानात ओढून बघा, फरक सीटवर बसल्या बसल्या कळतो.

पोरांचा ट्रक माणसं, डिझेल, पाणी, स्टेपनी धरून अडीच टनाचा होईल. म्हणजे रस्त्यावर ओढ ३५-४० किलो, आणि वाळूत ५०० किलो. एक एचपी म्हणजे सेकंदाला ७५ किलो एक मीटर ओढणं. या हिशोबाने वाळूत ताशी ४० किलोमीटरला चाकावर ७४ एचपी लागतात, ६० ला १११, आणि ८० ला १४८. यात चढ धरलेला नाही, आणि गिअरबॉक्स-डिफ्रन्शिअलमध्ये जाणारी ताकद वेगळी. वाळूची टेकडी शंभराला वीस चढाची असली तर आणखी ५०० किलो ओढ वाढली. तिथं गिअर खाली टाकायचा आणि वेग सोडायचा, दुसरा इलाज नाही.

आता उलटं बघा. गाडीचं १०० किलो वजन कमी केलं तर ६० च्या वेगाला साडेचार एचपी फुकट मिळाले. टायरमधली हवा कमी केली की टायर लांबट पसरतो, कमी रुततो, आणि ओढ कमी होते. हवा काढायला पैसा लागत नाही. व्हॉल्व्हची टोपी काढायला लागते.

पोरं म्हणतात, काका, मेक्सिकोत बाहाच्या शर्यतीत तर मोठी व्ही-८ च धावतात. खरं आहे. बाहा १००० ही शर्यत १९६७ पासून चालू आहे आणि तिथल्या मोठ्या ट्रकमध्ये पेट्रोल व्ही-८ असतात. पेट्रोल इंजिन डिझेलपेक्षा हलकं, पाय दाबला की लगेच फिरतं, आणि वाळूत जोर टिकवून धरायला ते कामाला येतं. पण त्यांच्या मागं दुसरी गाडी, मिस्त्री, सुटे भाग असा सगळा लवाजमा पळत असतो. आपल्या पोरांच्या मागं कोण पळणार? माझा भाऊ?

नुसत्या ताकदीच्या नादाला लागलं की काय होतं, त्याचं उदाहरण डकार रॅलीत घडलंय. हॉलंडच्या डॅफ कंपनीने एकाच ट्रकला दोन-दोन इंजिनं बसवली होती. १९८७ ला यान दे रोय त्याच पद्धतीच्या ट्रकवर जिंकला. १९८८ ला दोन इंजिनांचे आणखी जोरकस ट्रक उतरवले, ते मोटारींना मागं टाकत होते. त्यातलाच एक ट्रक भरवेगात उलटला, एक माणूस गेला, आणि डॅफने माघार घेतली. पुढं उलटी गोष्ट घडली. नियमाने इंजिनाचा आकार कमी करायला लावला, तेव्हा रशियाच्या कामाझ संघाने १६ लिटरच्या वरचं व्ही-८ सोडून सुमारे १३ लिटरचं सहा सिलिंडरचं कमिन्स डिझेल घेतलं. २०२१ आणि २०२२ ला ट्रकमध्ये कामाझच पहिला आला.

आता इंजिन कसलं घ्यायचं. माझ्या मते चार गोष्टी बघाव्यात, आणि त्यात एचपी नाही.

पहिली, कमी फेऱ्यांवर ओढ. यालाच टॉर्क म्हणतात. ढेकळात नांगर अडकला की चांगलं इंजिन आवाज जड करतं पण बंद पडत नाही. वाळूत तेच पाहिजे. मात्र हा टॉर्क गिअरमध्ये वाढत जातो. इंजिनाचा ३०० न्यूटन-मीटर पहिल्या गिअरला चारपट, लो गिअरला अडीचपट, डिफ्रन्शिअलला चारपट झाला की चाकांकडं १२,००० जातो. इंजिन दुप्पट केलं तर हा आकडाही दुप्पट. पिकअपचा ॲक्सल, क्लच प्लेट त्या मापाचे आहेत का? नसतील तर इंजिनाच्या पैशावर आणखी तेवढाच पैसा.

दुसरी, थंडावा. इंजिनात जळालेल्या तेलातली ढोबळमानाने एक तृतीयांश उष्णता पाण्यात जाते. रस्त्यावर वारा रेडिएटर थंड करतो. वाळूत वेग कमी, लोड पूर्ण, बाहेर ४५ डिग्री. मोठं इंजिन म्हणजे मोठा रेडिएटर, आणि तो बसवायला जागा कुठाय? बाहाच्या ट्रकवाल्यांनी रेडिएटर केबिनच्या मागं नेऊन पंखे लावले. मळणीच्या दिवसांत भुसा अडकून ट्रॅक्टर तापतो, ते आठवा.

तिसरी, श्वास. तापलेली हवा पातळ असते. २५ डिग्रीच्या मानाने ४५ डिग्रीला सहा टक्के हवा कमी, म्हणून टर्बो आणि इंटरकूलर पाहिजेच. पण हवेपेक्षा धूळ वाईट. बारीक वाळू फिल्टर चुकवून आत गेली की रिंगा आणि लायनर घासले, इंजिन ऑइल प्यायला लागलं. एअर फिल्टर दोन टप्प्यांचा, आधी धूळ गाळणाऱ्या प्री-क्लीनरसकट, आणि तोंड उंचावर. शिवाय गाडी टेकडीवर तिरकी झाली तरी ऑइल पंपाला ऑइल मिळालं पाहिजे, नाहीतर पाच मिनिटांत बेअरिंग गेलं. त्या इंजिनाचा ऑइल चेंबर कसा आहे हे विकणाऱ्याला विचारा. एचपी तो न विचारताच सांगेल.

चौथी, आणि मला सगळ्यात मोठी वाटते ती, सुटे भाग. जैसलमेरच्या बाजारात ज्याचा इंजेक्टर, गॅसकिट, वॉटर पंप मिळतो, ते इंजिन आपलं. बाहेरून आलेल्या इंजिनाचा एक सेन्सर गेला तर महिनाभर ट्रक ताडपत्रीखाली.

म्हणून माझी शिफारस अशी: इथल्याच पिकअप आणि मोठ्या गाड्यांत लाखोंनी चालणारं, दोन-अडीच लिटरचं चार सिलिंडर टर्बो डिझेल, १३०-१४० एचपीचं. वाळूत ताशी ६० चा वेग मनात धरा. वाचलेला पैसा शॉकॲब्झॉर्बर, टायर, फिल्टर, रेडिएटर आणि डोक्यावरच्या पोलादी पिंजऱ्यात घाला. अजून एक. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करून गाडी रस्त्यावर आणता येत नाही. आधी आरटीओत जाऊन विचारा, आणि ट्रक वाळूपर्यंत ट्रेलरवर न्या.

हेच सगळं ट्रॅक्टर घेतानाही लागू आहे बरं का. शेजाऱ्याने ५० एचपी घेतला म्हणून आपण ५५ चा घेतो, अवजार तेच जुनं, जमीन तीच पाच एकर, आणि हप्ता मात्र मोठ्या इंजिनाचा. कृषी सहाय्यक आणि इंजिनिअर मंडळींनी शेतकऱ्याला आधी त्याची माती आणि अवजार विचारावं, मॉडेल नंतर.

पुतण्याला हे सगळं फोनवर सांगून झालंय. तो म्हणतो, काका, व्ही-८ चा आवाज वेगळाच असतो. असेल. पण विहिरीला पाणी लागलं की त्याचाही आवाज असतो, आणि तो माझ्या भावाने अजून ऐकलेला नाही.