मूळ अर्थ तोच खरा?

शब्दाचा मूळ अर्थ तेवढा खरा, बाकी सारी भ्रष्टता, असे मानणाऱ्या पंडितांनी उत्तर युरोपातील ‘रोलिग’ या शब्दाकडे जरूर पाहावे. जुन्या नॉर्स भाषेत ‘रो’ म्हणजे शांती, विसावा. त्यावरून डेन्मार्क-नॉर्वेत ‘रोलिग’ म्हणजे शांत. आइसलँडचा ‘रोलेगुर’ही शांतच. स्वीडनमध्ये मात्र ‘रोलिग’ म्हणजे गमतीचा, मौजेचा! डॅनिश माणसाने ‘संध्याकाळ रोलिग गेली’ म्हटले, तर स्वीडिश मित्राला वाटावे की, मोठी धमाल झाली. स्वीडिशमध्ये शांततेसाठी ‘लुग्न’ हा वेगळाच शब्द आहे.

मग स्वीडिश लोक चुकले काय? मुळीच नाही. निवांत माणूसच रमतो. शांतीपासून मौजेपर्यंतची वाट काही फार लांबची नव्हे. शिवाय जुना अर्थ तेथे मेलेला नाही. नकारार्थी ‘ओरोलिग’ म्हणजे चिंताग्रस्त. त्या शब्दात हरवलेली शांती अजून जपलेली आहे. एकाच घरात आजी आणि नात सुखाने नांदाव्यात, तसे हे दोन अर्थ आहेत.

तेव्हा व्युत्पत्तीने शब्दाचे कुळ जरूर सांगावे. त्याने आज कसे वागावे, हे मात्र बोलणारा समाजच ठरवील.