अंगणात तरवड का नको?

फुलझाड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गुलाब, शेवंती, झेंडू येतात. तरवडाचे नाव कुणी घेत नाही. "ते तर माळावरचं झुडूप, ते कोण दारात लावतं?" असे म्हणून लोक हसतात. पण आपल्यासारख्या कमी पावसाच्या गावात अंगणात पहिले फुलझाड लावायचे तर ते तरवडाचेच लावावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिले कारण पाण्याचे. मार्च उलटला की आमच्या वाडीवर टँकर येतो. हंडा-कळशी घेऊन रांगेत कोण उभे राहते? आई, नाहीतर आम्ही मुली. त्या पाण्यातले तांब्याभर रोज गुलाबाला घालायचे जिवावर येते, आणि नाही घातले तर गुलाब वाळतो. तरवडाला पहिल्या उन्हाळ्यात चार-आठ दिवसांनी तांब्याभर पाणी दिले की पुरे. एकदा मूळ खोल गेले की पुढे तो आपला आपण जगतो. गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत.

दुसरे कारण नवरात्राचे. आमची आजी म्हणते, "घटाला तरवडाची माळ नसंल तर नवरात्र कसलं?" पण हल्ली जेसीबी लावून बांध साफ करतात. त्यात तरवड मुळासकट जातो, आणि त्याच्या मुळांनी धरून ठेवलेली मातीही पावसात वाहून जाते. मग माळेसाठी लांब हिंडायचे, नाहीतर बाजारातून झेंडू विकत आणायचा. शेजारच्या तेलंगणात याच फुलाला तंगेडू म्हणतात. तिथल्या बायका बतुकम्माच्या सणात ही फुले रचतात. २०१४ साली तेलंगण राज्य झाले आणि त्यांनी हेच फूल राज्यफूल म्हणून निवडले. त्यांनी मान दिला, आणि आपण कुदळ घालतो!

कुणी म्हणेल, बोगनवेललाही पाणी कमीच लागते, रंगही झकास. खरे आहे. पण ती दक्षिण अमेरिकेतली. आपल्याकडच्या पांढुरक्या फुलपाखरांच्या हिरव्या अळ्या तरवडाचा पाला खाऊन वाढतात. भुंगा तरवडाचे फूल धरून असा गुणगुणतो की त्या थरथरीने पराग खाली सांडतात. त्यांचे जेवण बोगनवेल देत नाही. पाला कुरतडलेला दिसला तर लगेच औषध मारू नका, तो पुन्हा फुटतो.

लावायचा कसा, तेही सांगते. बांधावरचे झाड उपटून आणू नका, ते बहुधा जगत नाही. हिवाळ्यात चपट्या शेंगा वाळतात, त्यांतले बी घ्या. सगळ्या शेंगा ओरबाडू नका, निम्म्या झाडावर राहू द्या. बियांचे कवच फार टणक असते. म्हणून मोठ्या माणसाकडून कढत पाणी ओतून घ्या आणि बी रात्रभर त्यातच भिजू द्या. मृगाचा पाऊस पडला की उन्हाच्या जागी बोटाच्या पेराएवढे खोल पेरा. मोरीच्या पाण्याजवळ मात्र लावू नका, मुळाशी पाणी साचलेले त्याला सोसत नाही. झुडूप डोक्याएवढे झाले की छाटा, म्हणजे भरगच्च होते.

गुलाब लावूच नका असे माझे म्हणणे नाही. ज्याच्या विहिरीला बारमाही पाणी आहे त्याने खुशाल लावावा. पण ज्यांच्या घरी पाणी डोक्यावरून येते, त्यांनी फुलांची हौस सोडू नये, एवढेच मला वाटते. यंदा प्रत्येकाने ओंजळभर बी गोळा करावे. अर्धे अंगणात पेरावे, अर्धे बांधावर. पटते का, घरी विचारून पाहा.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी